डिस्क उडाली तर डेटाबेस कसा वाचवायचा आणि पटकन परत कसा उभा करायचा: पोस्टग्रेस चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर चालवणाऱ्या, मुख्यतः छोट्या टीमसाठी हे सगळं लिहिलंय, म्हणजे एकदोन सर्व्हर, वेगळा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) नाही, जो कोड लिहितो त्यालाच रात्री फोन येतो. हॉस्पिटलचं बिलिंग असो, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर असो की शाळेचं फी पोर्टल, प्रश्न सगळीकडून तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी खाली वेगळं उत्तर आहे.

सुरुवात कुठून करायची?

टूल निवडण्याच्या आधी दोन आकडे ठरवा. डिस्क गेली तर शेवटचा किती वेळाचा डेटा गेलेला चालेल, आणि सिस्टीम किती वेळ बंद राहिलेली चालेल. हे आकडे आपण टेक्निकल लोकांनी ठरवायचे नसतात, ज्याचा धंदा आहे त्याला समोर बसवून विचारायचं. "काहीच गेलेलं चालणार नाही आणि बंद तर पडताच कामा नये" असं पहिलं उत्तर येतं, मग त्याचा खर्च सांगितला की खरे आकडे बाहेर येतात. शाळेला अर्धा दिवस बंद चालतं, ओपीडीच्या काउंटरला अर्धा तासही जड जातो. हे दोन आकडे कागदावर आले की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होतात.

आमच्याकडे रेड आहे, मग बॅकअप कशाला?

रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालावं म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं, फक्त एकाच गोष्टीपासून वाचवतं, एखादी डिस्क पूर्ण मेली तर मशीन चालू राहतं, बस. कुणी चुकून टेबल ड्रॉप केलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं, कंट्रोलर बिघडून कचरा लिहायला लागला तर तो सगळ्या डिस्कवर लिहिला जातो, सर्व्हररूममध्ये पाणी शिरलं किंवा रॅन्समवेअर आलं तर रेडचा काही उपयोग नाही. रेड जरूर लावा, पण त्याला बॅकअपच्या हिशोबात धरू नका.

मग रेड ५ लावू की १०?

डेटाबेससाठी १०, त्यात प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत जोडीदार डिस्कवर असते. रेड ५ मध्ये डेटासोबत पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशोब, ठेवलेला असतो, त्यामुळे एक छोटं राइट करायला जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही परत लिहा, म्हणजे चार ऑपरेशन, आणि डेटाबेसचं काम म्हणजे दिवसभर अशीच छोटी छोटी राइट. त्याहून मोठी भीती रीबिल्डची आहे. समजा १६ टीबीची डिस्क गेली आणि नवीन घातली, १५० एमबी प्रतिसेकंद वेगाने ती भरायला तीसेक तास लागतात आणि तेही सर्व्हरवर दुसरा काही लोड नसेल तर, आणि तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या स्पेकमध्येच लिहिलेलं असतं की १०^१४ बिट वाचले की एखादा सेक्टर वाचता येणार नाही, ते होतात साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा याहून बऱ्या वागतात, पण आपल्या ग्राहकांचा डेटा त्या भरवशावर ठेवायचा का, हा प्रश्न आहे. रेड १० मध्ये फक्त जोडीदार डिस्क वाचली जाते.

आणि एक, रेडमध्ये एक डिस्क गेलीये हे कुणाला कळतच नाही असे सर्व्हर खूप आहेत. कपाटात ठेवलेल्या टॉवरवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि दुसरी डिस्क जाईपर्यंत कुणी बघत नाही. अलर्ट मेलवर लावा, मोबाईलवर लावा, आणि एकदा मुद्दाम डिस्क काढून अलर्ट येतो का ते बघा (हे अर्थातच नवीन सर्व्हर लाइव्ह करायच्या आधी).

एसएसडी घेतली तर ही कटकट जाते ना?

फिरणारे पार्ट जातात, फेल होणं जात नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने त्यांच्या काही सॅस (सर्व्हरमध्ये लागतात त्या प्रकारच्या) एसएसडींबद्दल इशारा दिला होता की फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं नाही तर बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, ड्राइव्ह बंद पडेल आणि डेटाही परत मिळणार नाही. आता विचार करा, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच दिवशी चालू केलेल्या चार एसएसडी एका रेडमध्ये असतील तर चारही जवळपास एकाच वेळी जाणार. म्हणून शक्य असेल तर जोडीतल्या डिस्क वेगळ्या बॅचच्या घ्या आणि फर्मवेअरचे अपडेट अंगावर आल्यासारखे टाळू नका.

दुसरी गोष्ट लाइट जाण्याची. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको, आणि साध्या कन्झ्युमर एसएसडी "लिहिलं" असं सांगतात तेव्हा डेटा अजून त्यांच्या आतल्या कॅशमध्येच असू शकतो. पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेली, म्हणजे आत कपॅसिटर असलेली एसएसडीच डेटाबेसला घ्या, थोडी महाग पडते पण इथे पैसे वाचवू नका. हार्डवेअर रेड कंट्रोलर असेल तर त्याच्या कॅशच्या बॅटरीचंही बघा, ती काही वर्षांत मरते आणि मग एकतर राइट एकदम स्लो होतात, किंवा कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीशिवायच कॅश चालू ठेवलेली असते, जे जास्त धोक्याचं आहे.

डिस्क जाणार हे आधी कळतं का?

कधी कधी. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, रीडिंग बघत राहा, रीअलोकेटेड आणि पेंडिंग (खराब म्हणून बदललेले आणि संशयित) सेक्टर वाढायला लागले की डिस्क बदला, वाट बघू नका. गुगलने २००७ मध्ये त्यांच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात पहिला स्कॅन एरर आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या डिस्क गेल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार महत्त्वाच्या सिग्नलपैकी एकही दिसला नव्हता. म्हणजे सिग्नल आला तर ऐका, आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

डिस्क चालू आहे पण डेटाच खराब झाला असेल तर?

माझ्या मते सगळ्यात वाईट प्रकार हाच. डिस्क मेली तर निदान कळतं, पण एखादं पान (डेटा फाइलमधला एक छोटा तुकडा) गुपचूप खराब झालं आणि ते टेबल कुणी तीन महिने वाचलंच नाही तर तोवर तेच खराब पान सगळ्या बॅकअपमध्ये जाऊन बसलेलं असतं. उपाय पोस्टग्रेसमध्येच आहे, डेटा चेकसम, म्हणजे प्रत्येक पानासोबत ठेवलेला पडताळणीचा आकडा. व्हर्जन १८ पासून नवीन क्लस्टर (एका पोस्टग्रेस सर्व्हरचा अख्खा डेटा) बनवताना तो आपोआप चालू असतो, आधीच्या व्हर्जनमध्ये क्लस्टर बनवताना सांगावं लागायचं आणि बऱ्याच जणांनी सांगितलेलंच नाही. तुमचा बंद असेल तर व्हर्जन १२ पासून पीजी-चेकसम्स नावाच्या टूलने चालू करता येतो, फक्त त्यासाठी डेटाबेस थोडा वेळ बंद ठेवावा लागतो, रविवार बघून करून टाका. मग पीजी-बेसबॅकअप या पोस्टग्रेसच्याच टूलने बॅकअप घेताना प्रत्येक पान तपासलं जातं आणि खराब पान बॅकअपच्या रात्रीच कळतं.

आणखी एक. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या डेव्हलपरांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवायचा आदेश) फेल झाल्यावर परत एफसिंक केलं तर ते "यशस्वी" म्हणून सांगू शकतं, जरी डेटा डिस्कवर गेलेला नसला तरी. त्यामुळे २०१९ च्या फेब्रुवारीतल्या अपडेटपासून असा एरर आला की पोस्टग्रेस मुद्दाम पॅनिक होऊन बंद पडतं आणि वॉलमधून (बदलांची नोंदवही, खाली सांगितलीय) रिकव्हरी करतं. कुणाला हे बंद पडणं त्रासदायक वाटून त्याचं सेटिंग बदलायचा मोह होतो, कृपा करून बदलू नका.

रोज रात्री डंप (सगळ्या डेटाची एक्सपोर्ट केलेली फाइल) काढतो, पुरेसं नाही का?

डेटाबेस दोनचार जीबीचा असेल आणि एक दिवसाचा डेटा परत हाताने भरता येत असेल तर चालेल, उगाच गुंतागुंत वाढवू नका. बाकीच्यांसाठी दोन अडचणी. पहिली, रात्री २ चा डंप आहे आणि संध्याकाळी ६ ला डिस्क गेली तर दिवसभराच्या सगळ्या पावत्या गेल्या. दुसरी अडचण वेळेची आहे, डंप परत घालताना सगळा डेटा नव्याने लोड होतो आणि सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात, मोठ्या डेटाबेसला यात अख्खा दिवस जाऊ शकतो. डंप घेतच असाल तर कस्टम किंवा डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये घ्या म्हणजे रिस्टोअर अनेक जॉबमध्ये समांतर चालवता येतं, आणि युजर-रोल त्या डंपमध्ये येत नाहीत, ते पीजी-डंपऑल या टूलने वेगळे काढायचे हे विसरू नका, ऐन वेळी याच्यावरून अडतं.

मग करायचं काय नेमकं?

बेस बॅकअप आणि वॉल आर्काइव्ह, जोडीने. पोस्टग्रेस कुठलाही बदल टेबलच्या फाइलमध्ये करण्याआधी वॉलमध्ये लिहितं, दुकानातल्या रोजमेळासारखं, घडेल तसं एकाखाली एक. या वॉलच्या १६ एमबीच्या फाइली बनत जातात. आठवड्यातून एकदोनदा सगळ्या डेटाची फिजिकल कॉपी, म्हणजे बेस बॅकअप घ्यायचा, आणि प्रत्येक भरलेली वॉल फाइल लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवायची. मग डिस्क गेली की बेस बॅकअप ठेवायचा, त्यावर वॉल चालवत जायचं, शेवटच्या पोचलेल्या फाइलपर्यंतचा डेटा परत. कुणी दुपारी ३:१० ला चुकून डिलीट मारला असेल तर ३:०९ ला थांबवता येतं, रिकव्हरी टार्गेट टाइम द्यायचा.

छोट्या सिस्टीमला १६ एमबी भरायला तासन्‌तास लागतात, तोपर्यंत ती फाइल त्याच डिस्कवर पडून असते. म्हणून आर्काइव्ह टाइमआउट एक मिनिट ठेवा, मग जास्तीत जास्त मिनिटभराचा डेटा धोक्यात. आर्काइव्हची कमांड स्वतः कॉपी मारून लिहू नका, साधी कॉपी फाइल खरोखर डिस्कवर उतरली का ते बघत नाही. पीजीबॅकरेस्ट, बारमन, वॉल-जी यापैकी एक घ्या. पीजीबॅकरेस्ट मला आवडतं, समांतर चालतं, चेकसम तपासतं, आणि डेल्टा रिस्टोअरमध्ये फक्त बदललेल्या फाइली आणतं ज्याने तास वाचतात.

आर्काइव्ह चालू केलं आणि डिस्कच फुल झाली, असं का?

बॅकअप सर्व्हर बंद असेल किंवा कमांड फेल होत असेल तर पोस्टग्रेस वॉलच्या फाइली फेकत नाही, धरून ठेवतं, बरोबरच करतं. फोल्डर भरत जातो आणि शेवटी डेटाबेस बंद पडतो. बंद पडलेल्या स्टँडबायचा, म्हणजे मुख्य सर्व्हरची चालू प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा, रेप्लिकेशन स्लॉट (त्याच्यासाठी वॉल राखून ठेवायची नोंद) तसाच राहिला तरी हेच होतं, त्याला व्हर्जन १३ पासून मर्यादा घालता येते. जागा करायला वॉल फोल्डरमधल्या फाइली हाताने डिलीट करू नका, कधीच नाही, नावात लॉग वगैरे दिसलं तरी त्या साध्या लॉग फाइली नाहीत, त्या उडवल्या तर डेटाबेस उठणार नाही. आर्काइव्हरचा एक स्टॅटिस्टिक्स व्ह्यू असतो, त्यात शेवटची फाइल कधी गेली आणि किती फेल झाल्या ते दिसतं, त्यावर अलर्ट लावा.

स्टँडबाय सर्व्हर ठेवला तर रिस्टोअरची गरजच नाही ना?

डिस्क किंवा मशीन गेलं तर स्टँडबायसारखं जलद काही नाही, प्रमोट केलं, म्हणजे त्यालाच मुख्य सर्व्हर बनवलं, की मिनिटभरात काम चालू. पण चुकीचा डिलीटही तितक्याच जलद तिकडे पोचतो, म्हणून बॅकअप लागतोच. काही जण एक स्टँडबाय मुद्दाम तासभर मागे ठेवतात, सेटिंग आहे त्याला, चूक लगेच लक्षात आली तर फार कामाला येतं.

स्टँडबाय असिंक्रोनस असेल, म्हणजे मुख्य सर्व्हर त्याची वाट न बघता व्यवहार पूर्ण करत असेल, तर शेवटचे काही व्यवहार जाऊ शकतात. एकही जाऊ नये असं असेल तर सिंक्रोनस करा, पण मग दोन स्टँडबाय ठेवून "दोघांपैकी कुणीही एक" असं सांगा. एकच सिंक्रोनस स्टँडबाय असेल आणि तोच पडला तर मुख्य सर्व्हरवरचे सगळे कमिट अडकून बसतात, म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या गोष्टीनेच काउंटर बंद.

प्रमोट करण्याआधी जुना मुख्य सर्व्हर खरोखर बंद आहे याची खात्री करा. दोन्हीकडे लोक एंट्री करत राहिले तर ते दोन डेटाबेस नंतर जुळवणं हे आठवड्यांचं काम होतं. पॅट्रोनीसारखं टूल हेच सांभाळतं, पण ते चालवायचं तर टीममध्ये कुणाला तरी ते नीट समजलेलं हवं, नाहीतर हाताने प्रमोट केलेलं बरं.

रिस्टोअरला किती वेळ लागेल हे कसं काढायचं?

लोक इथेच फसतात, म्हणून गणित करूनच बघू. १ टीबीचा डेटाबेस, बॅकअप सर्व्हर ऑफिसमध्येच १ गिगाबिटच्या नेटवर्कवर. प्रत्यक्षात ११० एमबी प्रतिसेकंद मिळतात, म्हणजे नुसती कॉपी अडीच तास. तोच बॅकअप क्लाउडवर आणि ऑफिसची लाइन १०० मेगाबिटची, तर अख्खा एक दिवस, आणि तोही लाइन मध्ये गेली नाही तर. कॉपी झाल्यावर वॉल चालवायचं, ते काम पोस्टग्रेसमध्ये एकच प्रोसेस करते, सर्व्हरला ६४ कोर असले तरी. त्यामुळे बेस बॅकअप महिनाभर जुना असेल तर महिनाभराचं वॉल एकामागे एक वाचत बसायचं, कॉपीपेक्षा जास्त वेळ त्यातच जातो. बेस बॅकअप वरचेवर घ्या, व्हर्जन १७ पासून इन्क्रिमेंटल बॅकअप पोस्टग्रेसमध्येच आलाय, पीजीबॅकरेस्टमध्ये आधीपासून आहे.

या गणितावरून दिसतं की एक कॉपी जवळ आणि एक दूर, दोन्ही लागतात. जवळची वेगासाठी, दूरची आगीसाठी.

क्लाउडवर आहोत, हे सगळं ॲमेझॉन बघत नाही का?

काही बघतं. ईबीएसच्या, म्हणजे त्यांच्या क्लाउडमधल्या डिस्कच्या, साध्या व्हॉल्यूमसाठी ॲमेझॉन स्वतःच वर्षाला ०.१ ते ०.२ टक्के फेल होण्याचा दर सांगतं, म्हणजे हजार व्हॉल्यूम असतील तर वर्षात एखाददोन जाणार हे धरून चाला. आरडीएसमध्ये (ॲमेझॉनच चालवतं ती डेटाबेस सेवा) बॅकअप आणि वॉल दोन्ही आपोआप होतात, पण तीन गोष्टी बघा. ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस. इन्स्टन्स डिलीट करताना बॅकअप राखा असं सांगितलं नाही तर तेही जातात. आणि स्नॅपशॉटवरून (डिस्कच्या एका क्षणाच्या कॉपीवरून) उभा केलेला डेटाबेस मिनिटांत "तयार" दिसतो पण डेटा मागून हळूहळू येत असतो, पहिले काही तास क्वेऱ्या रडतखडत चालतात, ग्राहकाला वेळ सांगताना हे धरा.

एक कॉपी दुसऱ्या रीजनमध्ये ठेवाच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, एक अख्खी इमारत गेली, आणि ज्यांचे बॅकअपही त्याच जागी होते त्यांचं सगळंच गेलं. मुंबई रीजनवाल्यांना आता हैदराबाद आहे, पेमेंटचा डेटा रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे भारतातच ठेवायचा असतो, त्यांचीही सोय तिथे होते.

डिस्क आत्ता गेलीये, काय करू?

हे प्रिंट काढून सर्व्हररूमच्या दारावर लावा, कारण अशा वेळी डोकं चालत नाही.

ॲप्लिकेशन बंद करा म्हणजे नवीन एंट्री होणार नाहीत. सर्व्हर परत परत रीस्टार्ट करून बघू नका, मरणाऱ्या डिस्कचा प्रत्येक रीस्टार्ट शेवटचा असू शकतो. स्टँडबाय असेल तर जुना सर्व्हर बंद करून तो प्रमोट करा आणि उरलेलं शांतपणे करा. स्टँडबाय नसेल आणि डिस्क थोडीफार वाचता येत असेल तर आधी वॉल फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, शेवटच्या काही मिनिटांचा डेटा तिथेच आहे, मग डीडीरेस्क्यू या टूलने अख्ख्या डिस्कची इमेज घ्या. रिस्टोअर नेहमी नवीन डिस्कवर करा, जुन्या फोल्डरवर कधीच नाही. पीजी-रीसेटवॉल नावाचं टूल इंटरनेटवर पहिल्या उत्तरात सापडतं, त्याने डेटाबेस उठतो खरा, पण आतला हिशोब जुळेल याची हमी जाते. बॅकअप, स्टँडबाय सगळं संपलं असेल तेव्हाच, आणि तेही कॉपीवर, आणि उठल्यावर लगेच डंप काढून नव्या क्लस्टरमध्ये घालायचा.

रिस्टोअर करून बघायचं ते किती वेळा?

महिन्यातून एकदा, स्क्रिप्टने, आपोआप, दुसऱ्या मशीनवर. रिस्टोअर करा, पूर्ण डंप काढून फेकून द्या (म्हणजे प्रत्येक टेबलची प्रत्येक ओळ वाचली जाते), आजच्या तारखेची एखादी पावती दिसते का बघा, आणि लागलेला वेळ लिहून ठेवा.

गिटलॅब या कोड होस्टिंग कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण प्रत्येकाने वाचावं असं आहे, त्यांनी स्वतः सगळं जाहीर लिहिलंय. एका इंजिनियरने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटा फोल्डर उडवला, सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपचे अनेक मार्ग होते, पण रोजचा डंप बरेच दिवस फेलच होत होता कारण सर्व्हर पोस्टग्रेस व्हर्जन ९.६ चा आणि डंपचं टूल ९.२ चं, आणि फेल झाल्याचे मेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटवर ते वाचले. एवढी मोठी, हुशार माणसं असलेली कंपनी, तिथे हे झालं, म्हणून "फेल झाला तर मेल येईल" यावर राहू नका. उलटं करा, यशस्वी झाल्याचा मेसेज रोज यायला हवा आणि तो आला नाही की अलार्म.

आम्ही मायएसक्यूएल वापरतो.

विचार तोच, नावं वेगळी. वॉलच्या जागी बिनलॉग, बेस बॅकअपच्या जागी पर्कोनाचं एक्स्ट्राबॅकअप. बिनलॉग दुसऱ्या मशीनवर सतत पाठवत राहा. सिंक बिनलॉग आणि इनोडीबीचं फ्लश लॉग ॲट कमिट, ही दोन्ही सेटिंग १ वर ठेवा, वेगासाठी २ किंवा ० करायचा सल्ला बरेच जण देतात, पैशांचे व्यवहार असतील तर ऐकू नका.

बॅकअप किती दिवस ठेवायचे, आणि कुणाच्या हातात?

निदान पाच आठवडे, म्हणजे महिन्याच्या हिशोबात सापडलेली चूकही मागे जाऊन बघता येते, आणि वर्षअखेरचा, ३१ मार्चचा बॅकअप वेगळा काढून ठेवा. डेटाबेस सर्व्हरला बॅकअपच्या जागी फाइल टाकण्याची परवानगी द्या, पुसण्याची देऊ नका, रॅन्समवेअरवाले आधी बॅकअपच शोधतात. क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉक (ठरवलेल्या मुदतीत फाइल पुसू न देणारं कुलूप) लावता येतं. एन्क्रिप्ट करत असाल तर ती की त्याच सर्व्हरवर एकुलती एक ठेवू नका, एक प्रत मालकाच्या तिजोरीत आणि एक टीममधल्या दुसऱ्या माणसाकडे, आणि महिन्याचं रिस्टोअर अधूनमधून त्या दुसऱ्या माणसाला करायला द्या, नुसता लिहिलेला कागद बघून.